वलंदेजांना ‘डच’ कोणी केले?

एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांची भाची जर्मन शिकते आणि तिच्या पुस्तकावर ‘डॉइच’ असे छापलेले आहे, तेव्हा डच आणि जर्मन या एकच भाषा आहेत काय. शिवाय ‘डॉइचे बँके’ला चारचौघांत ‘डच बँक’ म्हटले जाते, ते बरोबर काय?

बरोबर नाही, आणि ही ‘डच बँक’ ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. ‘डॉइच’ म्हणजे जर्मन, आणि ती बँक फ्रँकफुर्टची आहे. ज्यांना आपण डच म्हणतो त्यांचा देश नेदरलँड्स, आणि हॉलंड हे त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी उत्तर व दक्षिण अशा दोनच प्रांतांचे नाव आहे. ‘डॉइच’ आणि ‘डच’ यांचे मूळ मात्र खरोखरच एक आहे: लॅटिन न बोलणाऱ्या सामान्य लोकांची बोली, असा त्याचा जुना अर्थ. इंग्रज पूर्वी जर्मनांनाही ‘डच’च म्हणत, सतराव्या शतकात समुद्रावर ज्यांच्याशी त्यांचा रोजचा व्यापार आणि तीन युद्धे झाली, त्या शेजाऱ्यांपुरताच तो शब्द पुढे उरला. म्हणून पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या वसाहतकारांना ‘डच’ म्हणतात तो ‘डॉइच’चा अपभ्रंश होय, हे वारंवार छापले जाणारे स्पष्टीकरण मला मान्य नाही, तो इंग्रजीतला जुना, व्यापक अर्थच तेथे टिकून राहिला आहे.

हा सगळा घोळ मुळात इंग्रजांचा असून आपण तो विनाकारण उसना घेतला, कारण मराठीजवळ ‘वलंदेज’ हा स्वच्छ शब्द होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतील राजनीतीवरच्या ग्रंथात, टोपीकरांची म्हणजे युरोपियनांची नावे येतात, त्यांत फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज), इंग्रज, फरासीस, डिंगमार यांच्या पंक्तीला वलंदेज बसलेले आहेत. (डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक, पोर्तुगीज ‘दिनामार्का’ला मराठी जिभेने दिलेले हे रूप मला फार आवडते.)

‘वलंदेज’ फ्रेंचांकडून आला असे सांगणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: फ्रेंच ‘ओलांदे’च्या शेवटी व्यंजनाचा उच्चारच होत नाही, मग आपला ज कोठून आला? तो पोर्तुगीज ‘ओलांदेज़’मधून आला. पोर्तुगीज भाषेत आरंभीचा ह लिहितात, उच्चारीत नाहीत. म्हणून बंगालीत ‘ओलंदाज’ राहिला, आणि आपल्याकडे ओसरीची जशी खेड्यापाड्यांत वसरी होते, ओट्याचा वटा होतो, तसा ओलंदेजाचा वलंदेज झाला. शेवटचा दंत्य ज तर ‘इंग्लेज़’वरून आलेल्या ‘इंग्रज’ शब्दातही जसाच्या तसा आहे. दोन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्याने उच्चारून पाहावेत. इतिहासही याच बाजूचा आहे. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते, फ्रेंचांची कंपनी १६६४ मध्ये निघाली, आणि वलंदेजांनी त्याआधीच, १६३७च्या सुमारास, गोव्याच्या उशाशी वेंगुर्ल्याला वखार घातली होती. पोर्तुगिजांच्या या हाडवैऱ्यांचे नाव कोकणपट्टीने पोर्तुगिजांच्याच तोंडून ऐकले असणार, असे माझे मत आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

त्याच वखारीच्या पडक्या इमारतीला आज सर्रास ‘डच वखार’ म्हणतात, याचे मला वाईट वाटते. ‘वलंदेजांची वखार’ म्हणावयास तीन अक्षरे अधिक लागतील, पण तिला जर्मन समजण्याची चूक कोणाच्या हातून होणार नाही. आपल्याकडचे ‘जर्मन’ तरी कोठे सुरक्षित आहे? आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात ‘जर्मनचे पातेले’ होते, आणि ते ॲल्युमिनियमचे होते.

भाचीला एवढेच सांगावे की, ती शिकते ती जर्मनच. वलंदेज त्या भाषेला ‘डाउट्स’ आणि स्वतःच्या भाषेला ‘नेडरलांट्स’ म्हणतात.