शिंप्याच्या वहीतलं जुनं माप

"कपाटात साडी ठेवायला जागा नाही, आणि बाहेर जायचं म्हटलं की नेसायला काही नाही." माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडून ही तक्रार मी फार वेळा ऐकते. बहुतेक जणी ती दुसऱ्या कुठल्या तरी विषयाच्या शेवटी, उठता उठता सांगतात. कपड्यांसाठी कुणी समुपदेशकाकडे जातं का, असा संकोच असतो. मला ती कधीच किरकोळ वाटली नाही. रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून जी बाई स्वतःला नापास करते, ती तोच निकाल घेऊन दिवसभर वावरते.

अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी मात्र हा विषय सरळ पहिल्या वाक्यातच काढला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, त्यांची हकिकत लिहिते आहे.

ताई चाळिशीच्या. नुकताच प्रभारी मुख्याध्यापिकेचा पदभार आलेला. दुसऱ्या बाळंतपणानंतर आणि पुढे थायरॉईडच्या त्रासात वजन वाढलेलं. "मॅडम, मला ड्रेसिंग सेन्सच नाही," त्या म्हणाल्या. "काहीही नेसलं तरी मी गबाळीच दिसते. बैठक असली की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो." सकाळी कपाटापुढे वेळ जायचा, शाळेला उशीर व्हायचा. सासूबाई ओट्यावरून विचारायच्या, "कपाट भरेल शे, तरी रोज काय देखस?" त्याचं उत्तर ताईंकडे नव्हतं.

बोलता बोलता कळलं की त्यांनी जळगावचं एक प्रशिक्षण दुसरीच्या गळ्यात घातलं होतं आणि भाच्याच्या हळदीला डोकं दुखतंय असं सांगितलं होतं. माझे कान तिथे टवकारले. कपडे आवडत नाहीत इथपर्यंत ठीक. कपड्यांपायी माणूस कामं आणि माणसं टाळायला लागला की त्याकडे लक्ष द्यायलाच हवं. म्हणून आधी मी झोप, भूक, कामातला रस, रडू येणं, जगण्याचा कंटाळा येणं, हे सगळं विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, किंवा शरीराच्या एखाद्या भागाचाच विचार तासन् तास डोक्यातून जात नसेल, तर कपाट आवरून भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. ताईंचं तसं नव्हतं. थायरॉईडच्या गोळ्या आणि तपासण्या डॉक्टरांकडे नियमित चालू होत्या.

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. दोन आठवडे रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या: आज काय नेसलं, ते कुणी आणलेलं होतं, आणि दिवसभर अंगावर कसं वाटलं. तोवर कपाटाला हात लावायचा नाही. ही अट मी मुद्दाम घालते. एखाद्या रविवारी उत्साहात सगळं पलंगावर ओतणाऱ्या बायका संध्याकाळी तेच सगळं पुन्हा कोंबून ठेवतात. काय ठेवायचं हे ठरवायला हातात काहीच माहिती नसते.

वही आली तेव्हा दुसरा रकाना वाचून ताई स्वतःच चकित झाल्या होत्या. बहुतेक साड्या दुसऱ्यांनी दिलेल्या. आपल्याकडे खानदेशात हे घरोघरी असंच आहे. लग्नातला आहेर, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरची साडी, श्रावणात कानबाईच्या सणाला एखादी, वास्तुशांतीला एखादी. सुरत आपल्याला जवळ, रेल्वेचा थेट रस्ता, त्यामुळे देण्याघेण्याच्या साड्या तिकडून गठ्ठ्याने येतात. त्या चमकदार, टिकाऊ आणि स्वस्त असतात, आणि बहुतेक पॉलिएस्टरच्या. हा धागा घाम शोषत नाही म्हटलं तरी चालेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच. ज्या भागातल्या काळ्या मातीत कापूस पिकतो, तिथल्या बाईने भर उन्हाळ्यात दिवसभर प्लास्टिकच्या धाग्यात घामाघूम व्हायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिसऱ्या रकान्यात ताईंनी बैठकीच्या दिवसांपुढे "जीव घाबरा झाला" असं लिहिलं होतं. त्यातली काही घाबरगुंडी मनाची होती, पण काही सरळ कापडाची होती.

खरी मेख मात्र त्यांना दुसऱ्याच ठिकाणी सापडली. दोन आठवड्यांत साड्या बदलत होत्या, पण ब्लाउज फिरून फिरून तेच चार. साडी कुणाच्याही अंगाला येते, ब्लाउज येत नाही. पन्नासेक साड्या कपाटात होत्या, त्यांतल्या बहुतेकींचे ब्लाउज काखेत आणि दंडात आवळत होते. म्हणजे नेसण्याजोग्या साड्या तेवढ्याच, जेवढ्या त्या चार ब्लाउजांवर जातील. यात ड्रेसिंग सेन्सचा प्रश्नच नव्हता.

"मग नवे का नाही शिवले?" मी विचारलं.

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शिवले ना मॅडम. दरवर्षी शिवते." गावातला शिंपी ओळखीचा. त्याच्या वहीत ताईंचं माप लग्नानंतरच्या वर्षाचं. तो कापड घेताना विचारायचा, "वहिनी, माप तेच ना?" आणि ताई म्हणायच्या, "हो, तेच." नवे ब्लाउजही घट्टच यायचे. "थोडं वजन उतरलं की होतील," म्हणून ते घडी घालून वरच्या खणात.

आमची पुढची सगळी बोलणी त्या "हो, तेच"भोवती झाली. चारचौघांत, दुकानाच्या फळीपाशी उभं राहून "माप वाढलंय" म्हणणं त्यांना हरल्याची कबुली वाटत होती. लग्नात कुणी तरी सगळ्यांदेखत "केवढी सुटलीस गं!" म्हणालेलं अजून टोचत होतं. आणि आत कुठे तरी पक्कं बसलेलं, की आज ना उद्या ती जुनी मी परत येईन, तोवर खरे कपडे थांबून राहतील. असं अख्खं कपाट परत न आलेल्या बाईसाठी राखून ठेवलं होतं, आणि आज जी बाई शाळा चालवत होती तिच्या वाट्याला चार ब्लाउज आले होते.

घट्ट कपडा समोर असला की वजन कमी करायची जिद्द येते, असं बऱ्याच जणी मानतात. माझ्या पाहण्यात तसं होत नाही. घट्ट कपड्यातली बाई चालायला जात नाही, गॅदरिंगला जात नाही, फोटोत मागे उभी राहते. वजनाचं जे काय करायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने होईल, सावकाश होईल. तोपर्यंत आजच्या शरीराला आज श्वास घेता येईल असं घालायचा हक्क आहे. हे मी ताईंना सौम्यपणे सांगितलं नाही, ठामपणे सांगितलं.

मग आम्ही एका वाक्याचा सराव केला. "नवीन माप घ्या." पुढे स्पष्टीकरण नाही, हसणं नाही, "काय करता, वय झालं" नाही. गावातल्या शिंप्यापुढे ते जमेना, तर ताईंनी अमळनेरमधली एक बाई गाठली. तिने टेप लावला, आकडे लिहिले, विषय संपला. इतक्या वर्षांचं ओझं दोन मिनिटांत उतरलं, असं ताई मला फोनवर म्हणाल्या. ज्या जुन्या ब्लाउजांच्या शिवणीत माया होती ते उसवून सैल झाले. नवे शिवले ते फक्त चार, सुती: काळा, मोतिया, मरून आणि बाटली हिरवा. यांवर निम्म्याहून जास्त साड्या जातात. प्रत्येक साडीला तिच्याच ब्लाउजपीसचं मॅचिंग हवं हा हट्ट सोडला की बायकांचं कपाट एकदम मोकळं होतं, हे मी वारंवार पाहिलंय.

त्यानंतर कपाट काढलं. आवरताना मी "ठेवू की टाकू?" विचारायला सांगत नाही, त्याने हात थरथरतो. "या उन्हाळ्यात, या अंगावर, ही मी स्वतःहून उचलेन का?" एवढंच विचारावं. आईने शेवटच्या आखाजीला दिलेली साडी ताईंनी कधी नेसलीच नव्हती, रंग अंगाला खुलत नव्हता. ती द्यायची की नाही हा प्रश्नच नको. आठवणींचा एक खण वेगळा करा आणि तो रोजच्या कपड्यांत मोजू नका. नणंदेने दिलेली साडी काढून टाकायची धास्ती मोठी होती. ठरलं असं की नणंद पुढच्या वेळी आली की तिच्यासमोर ती एकदा नेसायची, मग मोकळं. सासूबाईंना हे कसं रुचेल ही काळजी होती, पण त्यांनीच मऊ झालेल्या सुती साड्या गोधडीसाठी मागून घेतल्या आणि चमकणाऱ्यांसाठी बोहारणीला हाक मारली.

"माझी स्टाईल कुठली?" हे त्यांनी पुढच्या भेटीत विचारलं. उत्तर वहीतच होतं. "बरं वाटलं" लिहिलेल्या प्रत्येक दिवशी सुती किंवा सुतीसारखी साडी होती, बारीक काठाची, गडद रंगाची, पदर साधा. एकदाही मोठी बुट्टी नाही, एकदाही चमक नाही. आवड त्यांना होतीच, फक्त कुणी कधी विचारली नव्हती. दोन दिवस सलवार-कुर्ता घालावा असंही मनात होतं, पण मुख्याध्यापिकेने साडीच नेसावी असं स्टाफरूममध्ये गृहीत धरलेलं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल जो शासननिर्णय निघाला, त्यात शिक्षिकांसाठी साडीबरोबर सलवार-कुर्ता-दुपट्टाही आहे, हे ताईंना मुख्याध्यापिका असून कुणी सांगितलं नव्हतं. आता मंगळवारी आणि शनिवारी त्या कुर्ता घालतात.

राहिली लोकांची नजर. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या जणांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात ओळखलं साधारण पाव जणांनी. आपल्याला वाटतं तेवढं कुणी आपल्याकडे पाहत नसतं. ताईंना मी हे नुसतं ऐकवलं नाही, करायला लावलं: एकच साडी एका आठवड्यात दोनदा शाळेत नेसायची. कुणी काही बोललं नाही. एका शिक्षिकेने तेवढं विचारलं, ब्लाउज कुठे शिवला?

पण लग्नाच्या मांडवात बोलणारे बोलतातच, तिथे हा प्रयोग कामाला येत नाही. तिथे उत्तर तयार असावं लागतं. ताईंनी स्वतः बनवलेलं उत्तर असं: "हो मावशी, वजन वाढलंय. तुमचे गुडघे कसे आहेत आता?" खरं बोलायचं आणि विषय पुढे न्यायचा. मावशींनी गुडघ्यांचं सविस्तर सांगितलं.

मांडणीचं थोडक्यात सांगते. कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या खणात फक्त शाळेचं, साडी-ब्लाउज-परकर एकाच घडीत. आठवड्याचे जोड रविवारी ठरवून ठेवायचे. सकाळचं मन घाईत असतं, त्याच्यावर निर्णय टाकू नयेत. रेशमी साड्या जुन्या सुती कापडात गुंडाळून, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालायची, नाही तर घडीवर चिरतात. डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडी करून ठेवला तरी चालतो.

हे सगळं करूनही आरशापुढे जाणं नकोसं होत असेल, माणसं टाळली जात असतील, तर एकटीने झुरू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं.

ताईंचं वजन फारसं उतरलेलं नाही. जळगावचं पुढचं प्रशिक्षण त्यांनी स्वतः केलं. यंदा आखाजीच्या आधी भावाचा फोन आला, साडी कुठल्या रंगाची आणू? ताईंनी त्याला सांगितलं, सुती आण, बारीक काठाची, गडद निळी, आणि शिलाईचे पैसे वेगळे दे.