मॉस्कोला आठवडाभर जायचंय, रशियन येत नाही. निदान सिरिलिक लिपी तरी शिकावी का?

हो, भाषा राहू द्या, पण लिपी शिकूनच जा. मेट्रोत इंग्रजी पाट्या असतात, गल्लीतल्या दुकानांवर मात्र बहुतेकदा नसतात. आणि अक्षरं 33च आहेत. नुसतं वाचता आलं तरी 'बांक', 'काफे', 'ताक्सी', 'सुपरमार्केट' यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजीतल्या ए, के, एम, ओ, टी सारखी अक्षरं सरळ आहेत. आधी ही फसवी पाठ करा:

- पी दिसलं की र, सी म्हणजे स
- एच म्हणजे न, बी म्हणजे व
- वाय म्हणजे उ, एक्स म्हणजे ख

ही माहीत नसली की 'रेस्तोरान'ची पाटी आपण चक्क 'पेक्टोपाह' वाचतो. अंतराळवीर गागारिनच्या हेल्मेटवरचं 'सीसीसीपी' हेही खरं 'एस-एस-एस-एर', म्हणजे सोव्हिएत संघ. 'चांगला'तला च आणि 'चहा'तला च यांना तिथे दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, त्यामुळे मराठी माणसाला ती जोडी जड जात नाही. फक्त हे सगळं छापील अक्षरांपुरतं. हाताने लिहिलेल्या मेन्यूत छोटा 'त' इंग्रजी एमसारखा आणि 'द' जीसारखा दिसतो. तिथे सरळ वेटरला विचारा.