मुदत ठेव मोडून जुन्या गिन्या घ्याव्यात का?

आपले पत्र मिळाले. इतवारीतील एका परिचितांकडे पाचव्या जॉर्जच्या पाच गिन्या (सॉव्हरिन ही ब्रिटिश सोन्याची नाणी) आहेत, त्यांपैकी एक १९१८ ची मुंबई टांकसाळीची असल्याचे ते सांगतात, आणि सोन्याच्या भावावर ३० टक्के जादा देऊन त्या सर्व घेण्यासाठी औषधपाण्याकरिता राखलेली मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. सराफाने कॅरेटमीटरवर तपासून त्या बावीस कॅरेटच्या असल्याचे सांगितले, त्यामुळे खरेखोटेपणाचा प्रश्न मिटला असे आपण मानता. माझ्या मते तो अजून मिटलेला नाही.

कॅरेटमीटर धातूचा कस सांगतो, आणि तोही पृष्ठभागापुरता. नाणे टांकसाळीत पाडले गेले की अन्यत्र, हे त्यावरून कळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास बैरूत आणि इटलीमध्ये खऱ्या सोन्याच्याच बनावट गिन्या मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. अशी गिनी पदरी पडली तर सोन्याचे पैसे निघतील, पण संग्राहक म्हणून मोजलेले ३० टक्के बुडतील. आपला खरा धोका त्या रकमेपुरता आहे, म्हणून तपासणीही त्याच दृष्टीने व्हावी.

अस्सल गिनीचे वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर आणि जाडी साधारण १.५२ मिलिमीटर असते. वापराने झिजलेल्या नाण्यात वजन किंचित कमी भरू शकते, परंतु जास्त भरले तर शंका घ्यावी. ही तिन्ही मापे एकत्र पाहणे आवश्यक आहे, कारण त्याच आकाराचे तांब्याचे नाणे जेमतेम निम्म्या वजनाचे भरते आणि वजन जुळवायला गेले की जाडी वाढते. सराफाच्या काट्यावर नाणे पाण्यात बुडवून तोलले असता वजनात साधारण ०.४५ ग्रॅमची घट दिसली पाहिजे.

एवढे जुळले तरी खऱ्या सोन्याचे बनावट नाणे यातून सुटते, तेव्हा पुढचे काम दहापट भिंगाचे. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर होतात, मागील बाजूच्या चित्रातील घोड्याची आयाळ आणि त्यावर स्वार सेंट जॉर्जच्या शिरस्त्राणाचे तपशील पुसट येतात, आणि काठावरच्या खाचा असमान असतात. मुंबईच्या गिनीवर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, ‘आय’ हे इवलेसे उठावाचे रोमन अक्षर असते. तिथे भिंग धरून अक्षराभोवती ओरखडे किंवा चिकटवल्याची खूण आहे का, हे शांतपणे पाहावे. जादा किंमत त्या एका अक्षराचीच मागितली जाते. शक्य असल्यास खात्रीची गिनी शेजारी ठेवून जाणकार संग्राहकाकडून तुलना करून घ्यावी.

नाणे नंतर परदेशी पाठवून एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांकडून प्रमाणित करून घेऊ, असा विचार असेल तर तो सोडावा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

आता पैशाचे. सराफ मोडीत घेताना केवळ सोन्याचा भाव देईल, म्हणजे सोने ३० टक्के वाढेपर्यंत आपले मुद्दलही सुटणार नाही, आणि घट-कटौती वेगळीच. परिचित कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करू म्हणतात, तेही मला मान्य नाही. चोवीस महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, आणि पक्क्या बिलाविना खरेदीची किंमत दाखवणार कशी? दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे, हे त्यांनाही सांगावे.

औषधपाण्याची ठेव मोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आजारपणात गिनी विकायची वेळ आली तर घाईत मिळेल तो भाव घ्यावा लागतो. सोन्यात गुंतवणूकच करायची असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारा सोन्याच्या भावाशी बांधलेला फंड, पुरेसा आहे. संग्रहाची हौस मात्र मी मोडीत काढणार नाही. वर्षाच्या बचतीतून एकच साधी गिनी, धातूच्या भावाच्या आसपास, धनादेशाने आणि बिल घेऊन घ्यावी. त्या बिलावर साल, टांकसाळ, वजन आणि ‘बनावट ठरल्यास पूर्ण रक्कम परत’ हे लिहून मागावे. १९१८ च्या गिनीसाठी परिचित हे लिहून देण्यास तयार नसतील, तर तिच्यावरचे ३० टक्के देऊ नयेत.