पाठ देवाकडे, तोंड गर्दीकडे

(सोलापूर ग्रामीण पोलीस दलातून निवृत्त झालेले, आता माळकरी असलेले फौजदार आजोबा वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सासरे ७८ वर्षांचे, निवृत्त सहायक फौजदार. यंदा आळंदीहून पायी वारी करायचीच म्हणतात. साखर आहे, गुडघे दुखतात. आमचे हे म्हणतात, "जन्मभर वारीचा बंदोबस्त केलात, आता नवीन काय बघायचंय?" बापलेकांत बोलणं बंद आहे. समजावू तरी कोणाला? (एक सूनबाई, पुणे)

उत्तर : नवऱ्याला समजवा, सूनबाई. बंदोबस्तातल्या पोलिसानं वारी पाहिलेलीच नसते. पॉइंटवर उभं राहायचं म्हणजे पालखीकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड. माउलींची पालखी धर्मपुरीला आमच्या जिल्ह्यात शिरायची. तिथपासून वाखरीपर्यंत मी कुठं कुठं उभा राहिलोय, पण रथ कायम माझ्या मागनं गेला. नजर असायची ती कोणाच्या गळ्यातल्या डोरल्याकडे कोणाचा हात जातोय, कोण बाई चक्कर येऊन खाली बसतेय, याच्यावर. रिंगण संपलं की घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक तुटून पडतात. बाकीचे ते कौतुकानं बघतात, आमच्या मात्र पोटात गोळा येतो. आषाढीच्या रात्री देवळाच्या दारात ड्युटी होती आणि मूर्ती दिसली नाही, असं सांगणारे पोलीस तुम्हाला हवे तेवढे भेटतील.

रिटायर झाल्यावर मी पहिल्यांदा दिंडीत चाललो आणि पालखीच्या मुक्कामाच्या तळावरची समाजआरती धडपणे पाहिली. आमच्या खात्यानं शिकून घ्यावी अशी गोष्ट आहे ती. सगळ्या दिंड्यांचे टाळ चाललेले असतात. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारा मानकरी, हातातला दंड वर करतो आणि एवढा मोठा जमाव गप्प होतो. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, आणि तिथल्या तिथं निकाल लागतो. हरवलं-सापडलं तेही तिथंच पुकारतात. अर्ज नाही, शिक्का नाही, उद्या या नाही! पालखी सोहळ्याला ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, आणि ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. तेव्हा वर्दीतला माणूस वारीत उपरा नाही, हे यजमानांना जरूर सांगा.

आता सासऱ्यांचं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. सगळं पायीच झालं पाहिजे हा हट्ट विठोबाचा नसतो, फौजदाराचा असतो. पुणे-सासवड टप्पा त्यांनी गाडीनं करावा. तीसेक किलोमीटर चाल, शेवटाकडे दिवे घाट, आणि त्यात दिवस एकादशीचा. साखरवाल्यानं उपाशीपोटी तो घाट चढू नये, आणि गोळ्या घेऊन उपास तर मुळीच करू नये. डॉक्टरांना आधी विचारा. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आहे. वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं. तेवढं त्यांना खुशाल चालू द्या. ओळखीच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाची वर्गणी, भरून पाठवा, म्हणजे सामान ट्रकमध्ये, रात्री तंबू, वेळेवर जेवण. पायात वापरातलीच चप्पल हवी, नवी नको.

खिशात नाव-गाव-फोनची चिठ्ठी ठेवा. ते हसतील, हसू द्या. चंद्रभागेच्या वाळवंटात हरवलेल्या म्हाताऱ्या आमच्याकडे आणून बसवायचे. गाव विचारलं तर "आमचं गाव" म्हणायच्या, आणि नवऱ्याचं नाव काही केल्या घ्यायच्या नाहीत. शेवटी महिला शिपाई म्हणायची, "आजी, मग उखाणा तरी घ्या." उखाण्यातनं नाव निघालं की आम्ही भोंग्यावर पुकारायचो.

आणि नवऱ्याला लोणंदला पाठवा. दिंडीत कोणीही कोणाच्या पाया पडतं, थोरला-धाकटा कोणी बघत नाही. बोलणं सुरू करायला याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही.

प्रश्न : मी पोलीस शिपाई. गळ्यात माळ आहे. एकादशीला बंदोबस्तात पुरीभाजीचं पाकीट येतं, नाही म्हटलं की सहकारी चेष्टा करतात. सुट्टीच्या दिवशी भजनाला गेलो की बायको रागावते. (एक शिपाई, सोलापूर जिल्हा)

उत्तर : पाकिटाचं काय एवढं? खिशात शेंगदाणे-गूळ ठेव आणि पुरीभाजी भुकेल्या सहकाऱ्याला दे. पुढच्या एकादशीला तोच तुझी वाट बघेल. आमच्या ठाण्यात दिवाळीला मुसलमान हवालदार माझ्या जागी उभा राहायचा, ईदला मी त्याच्या जागी. त्यानं माझ्या माळेची चेष्टा केली नाही आणि मी त्याच्या रोज्याची केली नाही.

बायकोचा राग मात्र मी गंभीर गुन्ह्यात धरतो. विठोबा विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, म्हणून. दारात देव आला तर त्यानं वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. तू सुट्टीच्या दिवशी घर सोडून देवाकडे पळतोस, म्हणजे बरोबर उलट करतोस. पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत माझ्या बायकोनं एकटीनं चार पोरं वाढवली. विसर्जनाला मी दुसऱ्यांच्या गणपतींबरोबर, आमचा गणपती शेजारी घेऊन जायचे. साप्ताहिक सुट्टी घरी दे. भजन रात्रीचं असतं, तिला विचारून जा. तिला यायचं असेल तर बरोबर घेऊन जा.

प्रश्न : आजोबा, पोलिसात इतकं बघूनही देवावरचा विश्वास कसा टिकला? (कॉलेज विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : लातूरची आहेस म्हणून किल्लारीचंच सांगतो. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचा बंदोबस्त उरकून आम्ही आडवे होतोय तोवर, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आम्हाला तिकडे पाठवलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलेलं. वरून पाऊस. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. प्रेतं ओळखायलाही कोणी उरलं नव्हतं, एकेका चितेवर कितीतरी जणांना अग्नी दिला.

तेव्हा देव कुठं होता, हे मला विचारू नकोस. पुरावा नसताना मी कोणावर आरोपपत्र ठेवत नाही आणि कोणाला निर्दोषही सोडत नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन मी हरिपाठ म्हणायला बसलो, कारण दुसरं काही तोंडातून फुटत नव्हतं. दोन शिपाई येऊन बसले, मग ज्याचं सगळं घर गेलं होतं असा एक गावकरीही बसला. त्याला सगळा पाठ होता, मी दोनदा अडखळलो तेव्हा पुढची ओळ त्यानं दिली. माझा विश्वास टिकला असेल तर तो अशा माणसांमुळे.

प्रश्न : आई ८६ वर्षांची, वडील हवालदार होते. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचाय, पण यंत्रावर तिचा अंगठाच उठत नाही. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : जन्मभर लोकांचे ठसे घेतले, आता माझाही उठत नाही! घाबरू नका. नोव्हेंबरात बँकेत कोषागाराची यादी येते, तिच्यावर आईंच्या नावासमोर सही किंवा अंगठा झाला की काम झालं. ऑनलाइनच करायचं असेल तर जीवन प्रमाणमध्ये आता चेहरा दाखवूनही होतं, उजेडात बसवा. अंथरुणाला खिळल्या असतील तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, माणूस घरी पाठवायला सांगा, आणि अर्जाची पोच घ्या. पहिल्या आठवड्यात बँकेत झुंबड असते, त्यामुळे पंधरा तारखेनंतर न्या, पण तीस तारखेची वाट बघू नका.