नमुना माझा मीच घेतला, तर तो चालेल का?

"डॉक्टरबाई एवढं शिकून तपासतात. माझ्या हातानं घेतलेलं खरं कसं धरायचं, मॅडम?"

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा, पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो विषाणू. त्याच्या चाचणीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. सुनंदाताईंनीही (नाव बदललं आहे) तोच विचारला. वय ४३, सोलापूर जिल्ह्यातलं गाव, घरीच ब्लाउज शिवतात. गावात 'पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची' तपासणी झाली, तेव्हा आशाताईंनी त्यांना दोनदा बोलावलं होतं. एकदा त्या माहेरी गेल्या, एकदा 'अंगावर आहे' म्हणाल्या. खरं कारण नंतर निघालं. धाकट्याच्या बाळंतपणात एका दवाखान्यात त्यांची आतून तपासणी झाली, ती पडद्याशिवाय. चार-पाच माणसं आत-बाहेर करत होती आणि कुणीतरी "पाय नीट फाकव" म्हणून ओरडलं होतं. "त्या टेबलावर परत नाही चढायचं, असं तेव्हाच ठरवलं," त्या म्हणाल्या.

अशा बाईला 'लाजू नका' म्हणणं मला पटत नाही. लाज तिची नव्हतीच, वागणूक वाईट होती. देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नाही, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो. बायका तपासणीला येत नाहीत असं आपण म्हणतो, पण त्यांना बोलावतो कुठे आणि वागवतो कसं, तेही बघायला हवं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं. नेहमीच्या पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, म्हणून त्या नेमक्या तिथूनच घ्याव्या लागतात. एचपीव्ही चाचणीत पेशी कशा दिसतात हे बघायचंच नसतं, विषाणूचा डीएनए शोधायचा असतो आणि तो योनीमार्गातल्या स्रावातही मिळतो. नमुना घ्यायची काडी पिशवीच्या तोंडाला टेकली नाही तरी बिघडत नाही. पीसीआर पद्धतीने, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तपासलं, तर स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने तो मान्य केलाय. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या जुलैपासून तपासणीला येणारी प्रत्येक बाई हा पर्याय घेऊ शकते.

"आणि काही लागलंच नाही काडीला, तर?" हा त्यांचा पुढचा प्रश्न फार चांगला होता. अशा बऱ्याच चाचण्यांत नमुन्यात माणसाच्या पेशी आहेत का, हेही यंत्र बघतं. नसतील तर 'निगेटिव्ह' येत नाही, 'नमुना पुन्हा द्या' असं येतं.

मग मी काडी त्यांच्या हातात दिली. मऊ टोकाची, कान साफ करायच्या काडीपेक्षा लांब. पाळी चालू नसावी. हात धुवायचे, एक पाय पाटावर ठेवून उभं राहायचं किंवा उकिडवं बसायचं. साधारण दोन इंच आत सरकवायची, दुखेल इतकी रेटायची नाही. वीस-तीस सेकंद हळूहळू फिरवायची, काढून नळीत घालायची, झाकण घट्ट लावायचं. त्यांनी नळीचं झाकण दोनदा उघडून लावून बघितलं.

तरीही मी त्यांना लगेच मोरीत पाठवलं नाही. पॉझिटिव्ह आलं तर काय, हे बोलणं काडी वापरायच्या आधीच व्हावं असा माझा आग्रह असतो. घरी नमुना घेतल्याने टेबल टळतं ते निगेटिव्ह येणाऱ्या बायकांचं, आणि बहुतेकींचं निगेटिव्हच येतं. पण जिचं पॉझिटिव्ह येईल तिला आतून तपासून घ्यावंच लागतं. हे आधी न सांगता किट वाटली, तर नेमक्या जिला गरज आहे तीच बाई निकालाचा फोन उचलत नाही. सुनंदाताईंना मी कबूल केलं, की तशी वेळ आली तर डॉक्टर बाईच असतील, दार लावलेलं असेल आणि मी शेजारी थांबेन.

त्यांचं पॉझिटिव्ह आलं.

त्या आल्या, बसल्या. कॅन्सर आहे का, हे विचारायच्या आधी म्हणाल्या, "मी आयुष्यात कुणाकडे बघितलं नाही. मग हे त्यांनी आणलं का?" इथे घाईने धीर देऊन भागत नाही. हा विषाणू शरीरसंबंधातूनच येतो, ते मी लपवत नाही. पण तो इतका सर्रास आहे, की संबंध येणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. तो कधी आला, कुणाकडून आला, लग्नाआधी की नंतर, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. या कागदावरून नवऱ्याचा निवाडा करता येत नाही आणि तुमचाही कुणाला करता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. घरी काय सांगायचं तेही आम्ही ठरवलं: "तपासणीत थोडी खराबी निघालीय, बारीक उपचार आहे." तेवढं खरंही होतं आणि पुरेसंही.

कॅन्सरचं म्हणाल, तर विषाणू टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. मध्ये पेशी बदलायला लागतात आणि तेव्हाच त्या पकडायच्या असतात. "म्हणजे उसवायला लागलंय, फाटलं नाही," त्या म्हणाल्या. मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

जावेचा सल्ला मात्र तयार होता: पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. हे मी फार ऐकते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सरसकट काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, पण ती सवय एका जिल्ह्यापुरती नाही. नुसतं एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून पिशवी काढायची नसते. सुनंदाताईंच्या गर्भाशयमुखाला व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पातळ करून लावलं, तेव्हा पेशी बदलल्याची खूण म्हणून एक छोटा पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी तेवढाच भाग उष्णतेने जाळला. काही मिनिटांचं काम. भूल नाही, भरती नाही. पाळीत येतात तशा कळा आल्या, इतकंच. मी शेजारी होते, दार बंद होतं.

हे सगळं आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरज लागेल तिथे उपचार, एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तिथे नमुने नर्सबाईंनी घेतले होते. आता ते काम बाई स्वतः करू शकते, तर गावागावात ते पोचायलाच हवं.

सुनंदाताईंना वर्षाने पुन्हा चाचणी करायची आहे. आता मी त्यांच्या जावेच्या मागे आहे. "माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली, मला कशाला?" असं त्या म्हणतात. पण हा कॅन्सर पाळी गेल्यावरही होतो आणि त्यांची तपासणी आजवर एकदाही झालेली नाही. किट त्यांच्याकडे ठेवून आलेय. आता तर पाळीची अडचणही नाही, कुठल्याही दिवशी घेता येईल.