ईजबेलकडून आपण बायकांनी काय शिकायचं? आधी १ राजे २१ उघडा

ताई, महिला मंडळात तुम्हाला ईजबेलवर दहा मिनिटं बोलायचंय आणि बायबलमधल्या या दुष्ट राणीकडून ख्रिस्ती स्त्रियांनी कोणते धडे घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. मंडळातून सुचवलेले तीन मुद्देही दिलेत. नटू नये, नवऱ्यावर हुकूम चालवू नये, पुरुषांच्या व्यवहारात तोंड घालू नये.

तिन्ही चुकीचे आहेत. मी हे तळमळून लिहितेय, कारण ईजबेल हे नाव मला लावलं गेलंय. माझ्याच घरात, प्रार्थना संपल्यावर, अर्ध्या तासात.

आमचं सासरचं घर सोलापुरात, मोदीखान्याच्या बाजूला. एका अंगणाभोवती सहा खोल्या. आजेसासऱ्यांनी हयातीतच लिहून दिलं होतं की रस्त्याकडच्या दोन खोल्या धाकट्या मुलाच्या, आतल्या चार थोरल्याच्या. थोरले म्हणजे माझे सासरे. धाकटे काका लवकर वारले, मागे काकी आणि एक लेक. लेक लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली आणि काकी एकट्या त्या दोन खोल्यांत राहिल्या. माहेरच्या तेलुगू. विड्या वळायच्या. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, पहाटे कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं, हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत. दुपारी माझी मुलं शाळेतून आली की त्यांच्या हातचा भात खायची, कारण मी तोवर नोकरीवरच असायची.

१९९६ चा जानेवारी संपत आला होता. ह्यांची गिरणी बंद पडून दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दिवसांत मोठ्या दिरांनी आमच्या मुलांची फी भरली होती. हे मी आधीच सांगते, कारण त्या पैशाचं ओझं ह्यांच्या मानेवर होतं. दिरांना रस्त्याकडच्या दोन खोल्या हव्या होत्या. भिंत पाडली की दुकानाचे दोन गाळे निघतात, हे त्यांनी काकींना बोलून दाखवलं होतं. बदल्यात आत एक खोली देतो म्हणाले होते. काकी म्हणाल्या, "नवऱ्याची जागा आहे, मी उठणार नाही."

आता बायबलमधलं राजांचं पहिलं पुस्तक, १ राजे, त्याचा अध्याय २१ उघडा. ईजबेलचा नवरा, इस्राएलाचा राजा अहाब, याला नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा हवा होता. वाड्याला लागून होता आणि तिथे त्याला भाजीचा मळा करायचा होता. बदल्यात चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर पैसे देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. हा हट्ट नव्हता. लेवीय २५ मध्ये देव सांगतो की जमीन माझी आहे, ती कायमची विकायची नाही. नाबोथ ती आज्ञा पाळत होता. राजा घरी येऊन पलंगावर पडला, तोंड फिरवलं, जेवला नाही.

दिरांनी त्या शुक्रवारी घरात उपास आणि प्रार्थना ठेवली. कशासाठी, तर घरातल्या शांतीसाठी. मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांपैकी एक, आले होते. दोन गीतं झाली, स्तोत्र वाचलं, त्या वडिलांनी लांब प्रार्थना केली. चहा झाला, आणि कपबशा उचलायच्या आत दिरांनी पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. काकींचं हक्कसोडपत्र. मी कपबशा गोळा करत होते, म्हणून कागद माझ्या डोळ्यांखालून गेला. खाली काकींच्या नावापुढे अंगठा होता. साक्षीदार क्रमांक दोनपुढे त्या वडिलांची सही आधीच होती. क्रमांक एकपुढची जागा ह्यांच्यासाठी मोकळी होती.

काकी अंगठा देत नव्हत्या. त्या सही करायच्या, तेलुगूत, हळूहळू, पाच गोल अक्षरं. मजुरीच्या कार्डावर मी ती सही कित्येकदा पाहिली होती. दिरांनी ह्यांच्या हातात पेन दिलं. ह्यांनी टोपण काढलं. मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि पेन ह्यांच्या बोटांतून काढून घेतलं. मी म्हणाले, "काकी सही करतात. हा अंगठा त्यांचा नाही. तुम्ही सही करायची नाही."

कुणी काही बोललं नाही. मग मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "या घरात ईजबेल शिरलीय." त्या वडिलांनी मान हलवली. माझ्या नवऱ्यासमोर.

पुढच्या महिन्यात महिला मंडळात ईजबेलवर संदेश झाला. काजळावर, ओठांच्या रंगावर, नवऱ्याच्या वर आवाज काढणाऱ्या बायकांवर. काजळ मी नववीपासून घालते, आणि त्या सभेत काजळ घातलेली मी एकटीच होते. माझ्याकडे शास्त्रभाग वाचायला असायचा, तो त्या दिवसापासून दुसरीकडे गेला.

तेव्हा मी घरी येऊन पहिल्यांदा ईजबेलची सगळी वचनं ओळीने वाचली. काजळ आहे, २ राजे ९:३० मध्ये. पण कधी? अहाबाच्या घराण्यावर उठलेला सेनापती येहू तिला मारायला इज्रेल गावात येतोय हे कळल्यावर. तिने डोळ्यांत काजळ घातलं, केस सजवले, खिडकीतून खाली पाहिलं आणि त्याला धन्याचा घात करणारा म्हणाली. तिथे शास्त्र काजळाला पाप म्हणत नाही. ती राणीसारखी मरायला उभी राहिली, एवढंच त्या वचनात आहे. आणि देवभक्त ईयोबाला दुःखानंतर ज्या तीन मुली झाल्या, त्यांतल्या धाकटीचं नाव करेन-हप्पूक. त्या नावाचा अर्थ काजळ ठेवायचं शिंग, म्हणजे आपल्या भाषेत काजळाची डबी. देवाने आशीर्वाद दिलेल्या घरात मुलीचं नाव ते ठेवलं.

मग पाप कुठे आहे? पत्रात आहे. तिने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचा शिक्का मारला आणि नाबोथाच्या गावच्या वडिलांना आणि प्रतिष्ठितांना पाठवली. पत्रात पहिली सूचना काय, तर उपास जाहीर करा. दुसरी, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा. तिसरी, त्याच्यासमोर दोन अधम माणसं बसवा आणि त्याने देवाला व राजाला शाप दिला असं त्यांच्याकडून बोलवून घ्या. दोनच का? नियमशास्त्रात दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय मरणदंड नाही. बआल या परक्या दैवताची पूजा करणारी, सीदोनच्या राजाची ही मुलगी इस्राएलाचा कायदा पुरता ओळखून होती, आणि तोच वापरून तिने निरपराध माणसाला दगडमार करवला. २ राजे ९:२६ वाचलं तर कळतं की नाबोथाची मुलंही गेली. वारस कुणी उरला नाही.

आणि ज्यांना पत्र गेलं ते वडील? एकानेही विचारलं नाही. पत्रात लिहिलं होतं तसं त्यांनी केलं, आणि नाबोथ मेला म्हणून निरोप पाठवला. पुढे येहूने शोमरोनातल्या वडिलांना पत्र पाठवलं, तर त्यांनी अहाबाच्या सत्तर मुलांची डोकी टोपल्यांत भरून पाठवली. पत्र पाठवणारा बदलला, पाळणारे तसेच. महिला मंडळांत यांच्यावर कुणी संदेश देत नाही. माझ्या घरातल्या कागदावरची दुसरी सही अशाच एका वडिलांची होती.

नवऱ्यावर हुकूम चालवायचा नाही, हा धडा या कथेत सापडतो असं म्हणणाऱ्यांनी १ शमुवेल २५ वाचावं. नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाने, पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांना अपमान करून परत पाठवलं. त्याची बायको अबीगईल नवऱ्याला न सांगता भाकरी, द्राक्षारस, मेंढरं गाढवांवर लादून निघाली आणि वाटेत दावीदाच्या पाया पडून घरादाराचा जीव वाचवला. दावीदाने तिच्या शहाणपणाला धन्य म्हटलं. तिनेही नवरा ओलांडला होता. उलट प्रेषितांची कृत्ये ५ मधली सप्पीरा नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नाही. हनन्याने जमीन विकली, पैशातला काही भाग मागे ठेवला आणि सगळे आणले असं दाखवलं. तीन तासांनी ती आली, पेत्राने तिला सरळ विचारलं, तेव्हाही ती नवऱ्याचंच खोटं बोलली, आणि तिथेच मेली. त्या शुक्रवारी मी गप्प बसले असते तर मी सप्पीरा झाले असते. मला ईजबेल म्हणणाऱ्यांना हे मी तेव्हा सांगू शकले नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणून म्हणते, बाईने शास्त्र स्वतः वाचावं. आपल्याकडून पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे आपल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून आलं. एका बाईने एवढं केलं, तर आपण निदान अध्याय पुरा वाचायला हवा.

ह्यांचं सांगायचं राहिलं. दोन दिवस हे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. मी ताट ठेवून यायची, तसंच परत न्यायची. दुसऱ्या रात्री मनात आलं होतं की जाऊन दिरांची माफी मागावी, घरातलं माणूस तरी उठेल. ईजबेल नेमकी इथे घसरली असं मला वाटतं. रुसलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, उठा, जेवा, मळा मी तुम्हाला मिळवून देते. नवऱ्याची हाव तिने आपल्या अंगावर घेतली. तुम्ही विचारलेला धडा एकच घ्यायचा तर माझ्याकडे हा आहे: नवरा पडून राहिला तर पडून राहू द्या, त्याच्या हट्टासाठी दुसऱ्याच्या घरात हात घालू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी हे उठले, आंघोळ केली, काकींच्या खोलीत गेले आणि त्यांच्या सुपाशेजारी जमिनीवर बसले. काय बोलले ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. फीचे पैसे आम्ही चार वर्षांत फेडले.

तो कागद नोंदणीशिवायचा होता, नुसता स्टॅम्पवर. असा हक्कसोड कोर्टात टिकत नाही, हे मला पुढे एका वकीलबाईंकडून कळलं. पण काकी कोर्टात कुठे जाणार होत्या? दुसरंही त्या वकीलबाईंनीच सांगितलं. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि त्याला मुलं असली, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींत सारखं. लग्न झालेली मुलगी बाहेर पडत नाही. म्हणजे त्या खोल्या काकींच्या आणि गुलबर्ग्याच्या लेकीच्या होत्या. पुतण्याचा त्यात एक वीटही हिस्सा नव्हता. दहा मिनिटांतली दोन मिनिटं तुम्ही यावर बोला. मंडळात अशा बायका बसलेल्या असतील ज्यांना भावाने "इथे सही कर" म्हणून कागद पुढे केलाय.

आणि हो, ईजबेल चांगली होती असं मी म्हणत नाही. तिने परमेश्वराचे संदेष्टे मारवले. अहाबाचा कारभारी ओबद्या याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं म्हणून ते वाचले. प्रकटीकरण २ मध्ये थुवतीराच्या मंडळीतल्या खोट्या शिकवणाऱ्या बाईला तिचंच नाव दिलंय, तेव्हा चुकीची शिकवण हाही विषय आहे. तो तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. शिवाय नवऱ्याशी प्रत्येक बाबतीत भांडावं असाही अर्थ काढू नका. मी आमच्या संसारात एकदाच त्यांच्या हातातून काही काढून घेतलंय. आणि देवाचा संदेष्टा एलीया दोष द्यायला गेला तो अहाबाकडे. खून करून वतनही घेतलंस काय, हे त्याला विचारलं, कारण शिक्का त्याचा होता.

काकी २००९ पर्यंत त्या खोल्यांत राहिल्या आणि तिथेच गेल्या. दीरही आता नाहीत. मोठ्या जाऊबाई आहेत, आणि नातू त्यांना फोनवर सगळं वाचून दाखवतो असं ऐकते. तेव्हा जाऊबाई, मी पेन ठेवलं तेव्हा तो कागद दिरांनी घडी करून खिशात घातला होता, आणि नंतर तो कुणी पाहिला नाही. तुमच्या कपाटात असला तर पोरांच्या हाती लागायच्या आत फाडून टाका. फाडण्याआधी एकदा काकींच्या नावापुढचा अंगठा पाहा. तो कुणाचा आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि मला अजून कुणी सांगितलेलं नाही.