दुसरीतला मुलगा, आजोबांच्या बातम्या आणि ‘घरात लोकशाही’

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक दुसरीत. रोज रात्री आजोबांच्या मांडीवर बसून चॅनेलवरची भांडणं बघतो, जिन्यात ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ओरडतो, ‘शिवसेना दोन का?’ म्हणून भंडावून सोडतो आणि झोपायला सांगितलं की ‘आपल्याकडे लोकशाही आहे ना?’ असं वर विचारतो. मिस्टरांचं म्हणणं, घरात राजकारणाचं नावच नको. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिकवतेय आणि मतदान केंद्रावरच्या ड्युट्याही केल्यात. ही बंदी टिकणार नाही. घरात बोलला नाही तर व्हॅनमध्ये बोलेल, आणि तिथे उत्तर देणारा चौथीतला पोरगा असेल.

कडक राहायचं ते वेळेत आणि भाषेत. साडेनऊला झोप म्हणजे साडेनऊला झोप. कुणालाही ‘गद्दार’, ‘चोर’ म्हणायचं नाही, मग तो माणूस टीव्हीतला का असेना. इथे चर्चा नाही. प्रश्न मात्र कुठलाही चालेल, फक्त उद्या नाश्त्याच्या वेळी. बहुतेक मुलांना एवढं पुरतं. रात्री सुचणारे निम्मे प्रश्न झोप लांबवायला असतात, ते सकाळी आठवतसुद्धा नाहीत. जो आठवतो त्याला नीट उत्तर द्या.

‘शिवसेना दोन का?’ हा तर फार चांगला प्रश्न आहे. मोठ्यांची उत्तरं लगेच शिव्यांवर येतात, म्हणून तो अवघड वाटतो. मी असं सांगेन: २०२२ च्या जूनमध्ये पक्षातले बरेच आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर वेगळे झाले. खरा पक्ष आमचाच, असं दोन्ही बाजू म्हणू लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्या बाजूला दिलं, उद्धव ठाकरे यांच्याकडे मशाल राहिली. ते मान्य नाही म्हणून ठाकरे कोर्टात गेले. बास. सात वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याच्या वर्गातली क्रिकेटची टीम फुटते तेव्हाही बॅट कुणाची यावरूनच वाद होतो की!

आता ‘खोके’. ओरडू नकोस म्हणायच्या आधी ते काय आहे ते सांगा. आमदारांनी पक्ष सोडायला पैसे घेतले असा आरोप विरोधक करत होते, आणि आमदार तो नाकारत होते. आरोप करणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. ‘तू शेजारच्या मुलाची पेन्सिल घेतलीस’ असं बाईंनी नुसतं ऐकून म्हटलं तर कसं वाटेल, एवढं विचारा. आमच्या वर्गात तरी हे मुलांना पटकन समजतं, मोठ्यांपेक्षा लवकर.

‘मग बरोबर कोण?’ हे तो विचारणारच. तुमचं मत असेल तर ‘मला असं वाटतं, आजोबांना वेगळं वाटतं’ असं म्हणा. मत सांगायचं नसेल तरी हरकत नाही, मतदान गुप्त असतं हेही त्याला कळू दे. मत काय दिलं हे बाबांनी आईला सांगायचीही सक्ती नाही, हे ऐकून मुलं थक्क होतात.

घरातल्या लोकशाहीबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. हरायची तयारी नसेल त्या गोष्टीवर मत घेऊच नका. रविवारी कुठे जायचं, डब्यात कुठली भाजी, यावर खुशाल हात वर करायला लावा आणि निकाल पाळा, कंटाळा आला तरी. पण झोप, अभ्यास, दात घासणं यांवर मतदान नाही. ‘का नाही?’ म्हणाला तर सांगा की विधानसभेत २८८ आमदार आहेत, त्यातल्या बहुमतालाही वाट्टेल ते करता येत नाही, वर राज्यघटना आहे. आणि मतदानाचं वय १८. पूर्वी तर २१ होतं, १९८९ मध्ये खाली आलं. त्यामुळे ‘मोठा झालास की’ हे उत्तर टोलवाटोलवीचं राहत नाही, त्याला एक आकडा मिळतो.

पुढच्या मतदानाला त्याला बरोबर न्या. नियमाप्रमाणे आत फक्त कडेवरचं मूल नेता येतं, म्हणून आजोबांबरोबर बाहेर थांबायला लावा. रडला तरी थांबायचं. बाहेर बघण्यासारखं बरंच असतं. मतदान सुरू व्हायच्या आधी पक्षांच्या एजंटांसमोर यंत्रावर किमान ५० खोटी मतं टाकून बघतात, आणि ती पुसूनच खरं मतदान सुरू होतं, हे सांगा. संपायच्या वेळी रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या देत येतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. माझ्या अनुभवात मुलांना नेत्यांपेक्षा या खुब्या जास्त आवडतात. बोटावरची शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते, हेही आवडेल.

राहिले आजोबा. त्यांना टीव्ही बंद करा असं मुलासमोर म्हणू नका. चहाच्या वेळी एकटे असताना सांगा की वादाचे कार्यक्रम तो झोपल्यावर लावा, त्याऐवजी सकाळी पेपरातली एक बातमी त्याला वाचून दाखवायचं काम तुमचं. काम मिळालं की आजोबा सहसा ऐकतात. आणि तो भाषण ठोकत असतानाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं आजपासून बंद करा. तिथल्या टाळ्या थांबल्या की जिन्यातल्या निम्म्या घोषणाही थांबतील.